तलाव आपणच बांधला, पण पाण्यावर कधी गेलो?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज सुरुवात एका प्रश्नानं करते. गावच्या तलावावर तुम्ही किती वेळा गेलात? मोजता येणार नाही. धुणं धुवायला, म्हशी पाजायला, पोळ्याला बैल धुतात तेव्हा लेकरांच्या मागं, गणपती विसर्जनाला. आता दुसरा प्रश्न. तलावाच्या मधोमध किती जणी गेलात? माझ्या बैठकांमध्ये हा प्रश्न विचारला की सगळ्या एकमेकींकडं बघून हसतात. तिथं कामून जायचं, असं विचारतात. गेल्या वर्षीपर्यंत मीही हेच विचारलं असतं.

आपण बीड जिल्ह्यातल्या बायका पाण्याच्या हिशेबात वाढलो. घागर, हंडा, टँकर, पाळी. आपल्यासाठी पाणी ही आणायची वस्तू आहे. त्यावर बसून फिरायचं असतं, हे मनातच येत नाही. त्यात आपल्यातल्या कितीतरी घरांचं गणित असं, की दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये आणि कोयता हातात. तलाव काठोकाठ असतो तेव्हा आपण कोल्हापूर, सांगली, पुणे जिल्ह्यात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात. पाडव्याच्या आगंमागं परत यावं तर तळाला भेगा. आपल्याच तलावाचं भरलेलं रूप आपल्यातल्या कितीजणींनी धड पाहिलेलं नाही.

आज मी एका छोट्या होडीबद्दल बोलणार आहे. तिचं नाव कयाक. आणि त्या होडीच्या निमित्तानं आपल्या तलावाबद्दल.

कयाक म्हणजे काय

कयाक म्हणजे एकानं किंवा दोघांनी बसायची अरुंद, लांबट होडी. पाय पुढं लांब करून बसायचं, तोंड जायच्या दिशेला ठेवायचं. हातात एक लांब वल्हं, त्याला दोन्ही टोकांना पातं. एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं पाणी मागं ढकलायचं, होडी पुढं जाते. इंजिन नाही, डिझेल नाही, आवाज नाही. एकटीनं बसायची प्लास्टिकची कयाक साधारण ९ ते १० फूट लांब आणि २० ते २५ किलो वजनाची असते. दोघी बायका दोन टोकांना धरून सहज बांधावरून खाली नेतात. मोठ्या होडीला धक्का लागतो, खोल पाणी लागतं. कयाकला गुडघाभर पाणी पुरतं, म्हणून लहान तलावाला ती शोभते.

तिचे प्रकार आहेत. एकात कमरेपर्यंत आत शिरून बसतात. दुसरीत वर, उघड्यावर बसतात. तिसरी पंपानं हवा भरून फुगवायची असते. नवशिक्या बाईनं वर बसायचीच घ्यावी. ती उलटली तर माणूस आत अडकत नाही, सरळ पाण्यात पडतो आणि परत चढू शकतो. तिच्या तळाला भोकं असतात. पहिल्यांदा पाहिल्यावर मी घाबरले होते, भोकाची होडी कशी तरंगणार? पण ती आतून बंद, पोकळ असते. वर आलेलं पाणी त्या भोकांतून निघून जातं.

आपल्याकडं भोई बांधव थर्माकोलच्या चप्पूवरून जाळी टाकायला जातात, ते तुम्ही पाहिलं असेल. काम तेच. पण थर्माकोल तुटतो, झिजतो, आणि एका बाजूला वजन गेलं की चप्पू कलंडतो. त्यांचा जन्म पाण्यात गेलेला असतो, त्यांना तो तोल जमतो. आपण त्यांचं पाहून चप्पूवर चढू नये.

शिवण बायकांची

ही होडी आली कुठून, हे ऐकून मला फार बरं वाटलं. उत्तरेकडं ग्रीनलँड, कॅनडा, अलास्का असा बर्फाचा प्रदेश आहे. तिथल्या इन्युइट लोकांची ही शिकारीची होडी. झाडं फारशी नाहीत, म्हणून वाहत आलेलं लाकूड आणि प्राण्यांची हाडं वापरून पुरुष सांगाडा बांधायचे. त्यावर सील नावाच्या समुद्री प्राण्याचं कातडं चढवायचं काम बायकांचं. सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, अर्ध्या जाडीतूनच फिरवायची, म्हणजे टाक्यातून पाणी झिरपत नाही. एक टाका चुकला तर बर्फाच्या पाण्यात गेलेला माणूस परत येण्याची खात्री नसायची. घरातल्या माणसाचा जीव तिच्या सुईवर. त्याच लोकांची दुसरी, मोठी होडी असते, तिला उमियाक म्हणतात. ती बायकांची होडी म्हणूनच ओळखली जाते. घरसामान, लेकरं, म्हातारी माणसं घेऊन बायका ती वल्हवायच्या.

पुढं जगभर कयाकच्या शर्यती सुरू झाल्या. ऑलिंपिकमध्ये बायकांची कयाक शर्यत १९४८ पासून आहे. आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांचं घ्या. कमरेखाली त्यांना अपंगत्व आहे. भोपाळच्या छोट्या तलावात त्यांनी सराव केला. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये त्या उतरल्या आणि २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊला झालेल्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी कयाकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. म्हणजे यात जोर हातांचा, पाठीचा आणि कमरेवरच्या अंगाचा.

तो जोर आपल्याकडं आहे. जात्याचा खुंटा आपण नुसत्या मनगटानं ओढत नाही, सगळं अंग वळवून ओढतो. वल्हं तसंच मारायचं. पावलाच्या बाजूला पातं पाण्यात घालायचं, अंग वळवत मांडीपर्यंत ओढायचं, कमरेपाशी बाहेर काढायचं. लगेच दुसऱ्या बाजूला तेच. उजवीकडं जास्त मारलं तर होडी डावीकडं वळते. थांबायचं असेल तर उलटं मारायचं. एवढंच व्याकरण आहे. बाकी सराव.

ती तरंगते कशी

हे समजलं की भीती निम्मी होते. रिकामी घागर पाण्यात दाबून पाहा, ती हाताला वर ढकलते. जेवढं पाणी आपण बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं पाणी आपल्याला वर उचलतं. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो. सत्तर किलोची बाई आणि २५ किलोची कयाक मिळून ९५ किलो. म्हणजे होडीनं ९५ लीटर पाणी बाजूला सारलं की काम झालं. आपल्या १५ लीटरच्या सहा-साडेसहा घागरी. कयाकचं पोट त्याहून बरंच मोठं असतं, म्हणून ती आपल्याला घेऊन आरामात वर राहते.

पोहायला शिकताना लेकरांच्या पाठीला डबा बांधतात, पूर्वी वाळलेला भोपळा बांधायचे, त्याचंही हेच शास्त्र. आणि जीवरक्षक जॅकेटचंही. पाण्यात माणूस बराचसा आपोआप तरंगतो, फक्त डोकं वर राहायला चार-पाच किलोचा आधार लागतो. तेवढा आधार जॅकेट देतं.

जॅकेट घेताना त्यावरचा आकडा पाहा. ५० लिहिलेलं असेल तर ते पोहता येणाऱ्यांसाठी, काठाजवळच्या वापराचं. आपल्यासारख्या पोहता न येणाऱ्यांनी किमान १०० आकड्याचं घ्यावं. आणि पट्टे बांधल्याशिवाय जॅकेटचा उपयोग नाही. पट्टा सैल असेल तर माणूस खाली राहतो आणि जॅकेट वर निघून जातं. बांधल्यावर मैत्रिणीला दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर पट्टा अजून आवळा.

आमच्या तलावावरची सकाळ

आता माझी गोष्ट. आमच्या ग्रामसंघाच्या काही जणी अभ्यास दौऱ्याला कोकणात गेलो होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याला मांडवी खाडी आहे. तिथं स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. स्वतः वल्हवतात, झाडांची माहिती सांगतात, पक्षी दाखवतात. आपल्यासारख्याच बायका. त्यांचं वल्हं चालताना पाहून आमच्यातली एक जण म्हणाली, “आपण पापड-कुरडयांच्या पुढं कधी जाणार?” त्याच दौऱ्यात दुसऱ्या एका शांत खाडीत मी पहिल्यांदा कयाकमध्ये बसले. आणि दहाव्या मिनिटाला उलटले. नाकातोंडात खारं पाणी गेलं. पण जॅकेटनं लगेच वर आणलं, आणि शिकवणाऱ्या मुलीनं शांतपणे सांगितलं, “ताई, उभं राहून बघा.” पाणी छातीपर्यंत होतं. त्या दिवशी मी खूप हसले, पण एक गोष्ट पक्की कळली. पहिलं शिकणं छातीएवढ्या पाण्यातच व्हायला हवं.

पुढं पावसाळा संपल्यावर साहस शिबिर घेणारी काही मंडळी आमच्या भागात आली, त्यांच्याकडं दोन कयाक होत्या. ग्रामपंचायतीला विचारून, मासेमारीचा ठेका असलेल्या मंडळींना सांगून, आम्ही सहा जणी एका सकाळी आमच्या पाझर तलावात उतरलो. काठावर निम्मं गाव. आणि माझ्या सासूबाई.

सासूबाईंचं सांगायला हवं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात ठिकठिकाणी दुष्काळी कामं निघाली, त्यात कितीतरी पाझर तलाव झाले. आमचा तलाव त्यातलाच. सासूबाई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या, आईबरोबर मातीच्या पाट्या वाहायच्या. मिलो आणि सुकडी खाऊन. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढं आपल्या राज्यानं रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला. सासूबाईंना कायदा माहीत नाही. त्यांना एवढं माहीत आहे की ही भिंत त्यांच्या डोक्यावरून गेलेल्या मातीची आहे. आणि ज्या भिंतीसाठी मान मोडली, तिच्या पलीकडच्या पाण्यात त्या कधी गुडघ्याच्या वर उतरल्या नव्हत्या.

मी वल्हं मारत निघाले तशा त्या बांधावरून ओरडल्या, “आगं तिकडं कामून चाललीस? तिथं विहीर हाय!”

मी थांबले. तलाव व्हायच्या आधी तिथं मळा होता आणि मळ्यात विहीर होती. तलाव झाला, विहीर पाण्याखाली गेली. मला लग्न होऊन बारा वर्षं झाली, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग आम्ही एक खेळच केला. सासूबाई आणि त्यांच्या वयाच्या दोघी बांधावर बसल्या आणि हातानं दाखवत राहिल्या. इथं चिंच होती. इथून गाडीवाट जायची. इथं मुरूम खणला. आम्ही कयाकमधून त्या जागेवर जायचो आणि दोरीला बांधलेला दगड सोडायचो. दोरीला हातहातावर गाठी मारल्या होत्या. ओली गाठ मोजायची, काठावरची मुलगी वहीत लिहायची.

त्या दिवशी तलाव सांडव्याला टेकलेला होता. भिंतीजवळ पूर्वी तीन परस पाणी राहायचं, असं सासूबाई सांगत होत्या. आमची दोरी नऊ हातांवर टेकली. दोन परसांच्या जरा वर. म्हणजे परसभर गाळ. पाझर तलावाचं काम पाणी जिरवून खालच्या विहिरी जिवंत ठेवण्याचं. गाळ बसला की साठाही कमी होतो आणि जिरणंही. खालच्या विहिरी दरवर्षी लवकर का आटतात, यावर आम्ही किती चर्चा केल्या होत्या. उत्तराचा एक भाग दोरीच्या गाठीवर सापडला. दुसरा भाग उन्हाचा. मे महिन्यात उघड्या पाण्यातून रोज जवळपास एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन जातं. पसरट आणि उथळ तलाव लवकर आटतो तो त्यामुळंही.

आणि पाणी फक्त हिशेबाचं नसतं. वल्हं उचलून स्वस्थ बसलं की कयाक आपोआप वाहत राहते आणि पक्षी उडून जात नाहीत. टिबुकली माझ्यापासून चार हातांवर बुडाली आणि भलतीकडंच वर आली. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे वारकरी पक्षी थव्यानं पोहत होते. आणि एक बदक दिसलं, चोचीच्या बुडाला लाल ठिपके आणि टोकाला पिवळा रंग. त्याचं नाव हळदी-कुंकू बदक. बांधावरून ते नुसतं करडं दिसतं. त्याची हळद आणि कुंकू पाहायचं तर पाण्यावर जायला लागतं.

धोका कुठं असतो

आता जड विषय. आमच्या तलावात काही वर्षांपूर्वी एक मुलगी गेली. बारा वर्षांची होती. आईबरोबर धुणं धुवायला आली होती. वाहत चाललेला टॉवेल धरायला दोन पावलं पुढं गेली. उन्हाळ्यात तिथून यंत्रानं गाळ नेला होता आणि सरळ उभ्या कडांचा खड्डा तसाच राहिला होता. पावसाळ्यात तो भरला, वरून पाणी सगळीकडं सारखंच दिसत होतं. घोट्याएवढ्या पाण्यातून तिचं पाऊल थेट खोलात गेलं. काठावर सात बायका होत्या. एकीलाही पोहता येत नव्हतं आणि हाताशी दोरीसुद्धा नव्हती. मी त्या सातांपैकी एक होते.

म्हणून आज हे सगळं सांगते आहे. मौज म्हणून कुणी कयाक चालवली तर आनंदच आहे. पण पाणी ओळखणं ही आपल्याकडं जिवाची गोष्ट आहे. लहान तलावातले धोके नीट ऐकून घ्या.

पहिला, गाळ काढलेले खड्डे आणि बुडालेल्या विहिरी. या जागा जुन्या बायकांना विचारून घ्या आणि तिथं बांबूला लाल कापड बांधून खूण करा. गाळ काढायला आपली हरकत नाही. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, तिचा शेताला फायदाच आहे. पण काठाच्या बाजूला उतार ठेवून खणा, उभी कड सोडू नका, असा आग्रह ग्रामसभेत आपणच धरायचा.

दुसरा, वीज. काठावर पाण्यात मोटारी सोडलेल्या असतात, केबलला जोड असतात. मोटारीच्या आणि केबलच्या जवळ पोहायचं नाही, होडी न्यायची नाही, धुणंही धुवायचं नाही.

तिसरा, जाळी, बेशरमाची झुडपं, जलपर्णी आणि पाण्यात बुडालेल्या बाभळी. पडलं तर पाय यातच अडकतो. यांच्यापासून लांबून जायचं.

चौथा, वारा. सकाळी पाणी ताटासारखं असतं, दुपारकडं वारा सुटतो. हलकी होडी वाऱ्यानं ढकलली जाते. म्हणून सकाळी लवकर जायचं, जाताना वाऱ्याच्या तोंडाला जायचं, म्हणजे थकल्यावर परतीला वारा मदत करतो. ढग गडगडला की लगेच बाहेर.

पाचवा, सांडवा. तलाव भरून वाहत असेल तर सांडव्याच्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही.

सहावा, आपले कपडे. ओली साडी पायाला गुंडाळते आणि जड होते. होडीत बसताना पंजाबी ड्रेस किंवा सुटसुटीत कपडे घाला, ओढणी काठावर ठेवा. आमच्याकडं यावरून कुजबुज झाली. आम्ही म्हटलं, जीव गेल्यावर साडीचा मान कोण ठेवणार?

आणि नियम एकच लक्षात ठेवा. एकटीनं जायचं नाही, जॅकेटशिवाय जायचं नाही, पोहणारा आणि दोरी काठावर असल्याशिवाय जायचं नाही. उलटलात तर होडी सोडू नका. ती बुडत नाही, तिला धरून राहा आणि शिट्टी वाजवा.

बुडणाऱ्याला हात नको, वस्तू द्या

२०२० मध्ये तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर तीन बायका कपडे धुवायला गेल्या होत्या. डोळ्यांसमोर चार तरुण खोल पाण्यात बुडू लागले. या तिघींनी अंगावरच्या साड्या सोडल्या, एकमेकींना बांधल्या आणि पाण्यात फेकल्या. दोघं वाचले, दोघं गेले. ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाचून होईना. आपण सात जणी होतो आणि आपल्याला हे सुचलं नव्हतं.

बुडणारा माणूस भीतीनं हाताला येईल त्याला मिठी मारतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली नेतो. म्हणून आधी काठी पुढं करा. काठी पोचत नसेल तर दोरी, साडी, घट्ट झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. पाच लीटरचा रिकामा कॅन साधारण पाच किलो वजन उचलून धरतो, म्हणजे एका माणसाचं डोकं वर राहायला तो पुरतो. आमच्या ग्रामसंघानं एक काम केलं. धुण्याच्या घाटाजवळ एक खांब रोवला, त्यावर पाच लीटरचा कॅन आणि त्याला बांधलेली पन्नास फूट दोरी अडकवली. खर्च एका बैठकीच्या चहाएवढा. दर महिन्याच्या बैठकीआधी एक जण जाऊन झाकण आणि गाठ तपासते. आणि सगळ्या जणींनी तो कॅन फेकायचा सराव केला आहे, सासूबाईंनीसुद्धा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरू नका, पोट दाबू नका, त्यात वेळ जातो. श्वास चालू आहे का पाहा. नसेल तर तोंडानं श्वास द्या, छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाबत राहा, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला लावा. हे दाबणं कसं करायचं, ते आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना बोलावून एका बैठकीत हातानं शिकून घ्या.

पुढं काय करता येईल

काही जणी विचारतील, यातून गटाला व्यवसाय होईल का? मी खरं सांगते. कोकणात पर्यटक आधीच येतात, आपल्याकडं तसं नाही. आपला पाऊस वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही, आणि लहान तलाव वर्षातले चार-पाच महिनेच भरलेला. त्यामुळं कर्ज काढून आधी होड्या घेऊ नका. ज्यांच्या गावाजवळ माजलगाव किंवा मांजरा धरणासारखं मोठं पाणी आहे, सौताड्याच्या धबधब्याला किंवा नायगावच्या मयूर अभयारण्याला लोक येतात, त्या गटांनी विचार करून पाहावा. पैसे घेऊन लोकांना होडीत बसवायचं तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणं नोंदणी आणि प्रशिक्षित माणसं लागतात. बायकांच्या पर्यटन व्यवसायासाठी २०२३ मध्ये ‘आई’ धोरण आलं आहे. त्यात अटी पूर्ण केल्या तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळू शकतो. पर्यटन विभागाच्या कार्यालयात आधी सगळी चौकशी करा, मगच हिशेब मांडा. आणि तलाव कोणत्या विभागाचा आहे, मासेमारी कुणाकडं आहे, हे विचारल्याशिवाय पाण्यात काहीच उतरवू नका. भोई बांधवांच्या पोटावर पाय देऊन आपला गट मोठा व्हायला नको.

पण व्यवसायाच्या आधी तीन कामं आहेत, आणि ती सगळ्या गावांत होतील. एक, जुन्या बायकांना बांधावर बसवून तलावाचा नकाशा वहीत काढा. कुठं विहीर, कुठं खड्डा, कुठं उथळ. दोन, घाटाजवळ दोरी आणि कॅन लटकवा. तीन, आपल्या मुलींना पोहायला शिकवा. मुलगे विहिरीत उड्या मारून शिकतात, मुली काठावर कपडे सांभाळत उभ्या राहतात. हे बदलायचं आहे.

त्या सकाळी सगळ्या जणींची फेरी झाली तेव्हा शिबिरातल्या मुलानं सासूबाईंना विचारलं, “आजी, येता का?” त्यांनी आधी नाही म्हटलं. मग माझ्याकडं पाहिलं. दोघींच्या कयाकमध्ये पुढं त्या बसल्या, जॅकेट घालून, मागं मी. माझ्या मुलीचा पायजमा त्यांनी घातला होता आणि त्यावरून बायका आठवडाभर हसल्या. मधे गेल्यावर त्यांनी हात पाण्यात घातला आणि मागं वळून भिंतीकडं बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “माय, केवढी मोठी बांधली होती आम्ही.”

मैत्रिणींनो, तलावावर जाल तेव्हा बांधावर एखादी म्हातारी बसली असेल तर तिला विचारा, पाण्याखाली काय काय आहे. आणि ते लिहून ठेवा.